जड काडतूस आणि रिव्हॉल्व्हरची मूठ: धक्का नेमका बसतो कुठे?

.44 मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरचा धक्का कागदावर मोजता येतो. गोळी साधारण 15.5 ग्रॅमची, वेग सेकंदाला 410 मीटर. तिच्यामागून दीड ग्रॅम दारूचा वायू सेकंदाला सुमारे 1200 मीटर वेगाने बाहेर पडतो, असे गणितासाठी धरतात. दोन्हींचा मिळून संवेग (वस्तुमान गुणिले वेग) 8.2 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो आणि तेवढाच संवेग उलट दिशेने रिव्हॉल्व्हरला मिळतो. ते 1.35 किलोचे असेल तर सेकंदाला 6 मीटर वेगाने मागे येते. त्याची गतिज ऊर्जा भरते 25 जूल. .38 स्पेशलचे साधे काडतूस किलोभर वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये 4 जूलच्या आत राहते. आपल्याकडच्या कानपूर फॅक्टरीच्या .32 रिव्हॉल्व्हरला तर दोन-तीन जूलच सोसावे लागतात, त्यामुळे तिथे मुठीच्या आकाराचा प्रश्न सहसा हाताच्या मापापुरताच उरतो. खरी परीक्षा होते ती अमेरिकेत, रिव्हॉल्व्हरने रानडुक्कर-हरणांची शिकार करणारे आणि अलास्कात अस्वलापासून बचावासाठी ते कमरेला लावणारे लोक जी काडतुसे वापरतात, त्यांच्यापुढे.

मूठ बदलली म्हणून वरच्या हिशेबातला संवेग बदलत नाही. मुठीच्या हातात एवढेच असते की हे 25 जूल हाताच्या कुठल्या भागावर, किती क्षेत्रफळावर आणि किती वेळात उतरणार. पण दुखणे-न दुखणे ठरते ते त्यावरच. नुसती ऊर्जा पाहून फसायला होते, त्याचे चांगले उदाहरण म्हणजे जेमतेम 340 ग्रॅमचे .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हर. 8 ग्रॅमची गोळी झाडली की त्याचीही ऊर्जा 25 जूलच्या आसपास जाते, म्हणजे .44 मॅग्नमइतकीच. मात्र मागे येण्याचा वेग दुप्पट, सेकंदाला 12 मीटर. वर त्याची मूठ दोन बोटांची आणि अरुंद. पाच गोळ्यांनंतर सहावी झाडावीशी वाटत नाही, ते उगीच नाही.

धक्का सरळ मागे येत नाही, हा दुसरा भाग. नळीचा अक्ष हाताच्या वर असतो, त्यामुळे रिव्हॉल्व्हर मागे ढकलले जाते आणि त्याच वेळी नळीचे तोंड वर उचलत फिरते. यातले ढकलणे किती आणि फिरणे किती, हे मुठीचा कोन आणि मागच्या बाजूचे वळण ठरवतात.

1873 च्या कोल्ट सिंगल अ‍ॅक्शनची मूठ घ्या. अमेरिकेत तिला नांगराची मूठ म्हणतात. मागची बाजू वरपासून खालपर्यंत एका वळणात उतरते, मध्ये अडणारे काही नाही. गोळी सुटली की मूठ तळहातात घसरत फिरते, नळी वर जाते आणि घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग, आपसूक अंगठ्याजवळ येतो. पुढच्या गोळीसाठी तो अंगठ्यानेच ओढायचा असल्याने ही सोय होती. फिरण्यात वेळ जातो, वेळ वाढला की बल कमी होते. क्रिकेटचा झेल घेताना हात मागे नेतात त्यातला हाच हिशेब. त्या काळच्या काळ्या दारूच्या .45 काडतुसाला ही मूठ उत्तम होती.

तीच मूठ 19.4 ग्रॅमच्या गोळीला आणि आजच्या जोरदार दारूला लावली की बिघडते. मूठ इतक्या वेगाने फिरते की तळहात वर सरकतो, घोड्याचे टोक अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात रुतते आणि चापाभोवतीच्या कड्याची मागची कड मधल्या बोटाच्या सांध्यावर आदळते. रूगरचे 1959 चे सुपर ब्लॅकहॉक यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्याचे कडे मागून चौकोनी. दिसायला झकास, पण धार नेमकी सांध्यासमोर. जुने जाणते यावर एक युक्ती करतात. करंगळी मुठीखाली दुमडून ठेवतात, म्हणजे सगळा हात थोडा खाली उतरतो आणि कड्यामागे मोकळी जागा राहते.

कोल्टने 1894 मध्ये नेमबाजीसाठी बिझली मॉडेल काढले. नाव इंग्लंडमधल्या बिझलीच्या मैदानावरून. रूगरने 1980 च्या दशकाच्या मध्यात याच नावाची मूठ आणली, पण ती जुन्या कोल्टची नक्कल नाही. मागची बाजू उभी आणि लांब, वर बेचक्यात अडणारा भाग, कड्यामागे मधल्या बोटाला ऐसपैस जागा. ती फिरते कमी, तळहातावर सपाट दाबते जास्त. जड काडतुसांसाठी माझे मत हिच्याच बाजूने. उलट बाजूही भक्कम आहे: फ्रीडम आर्म्सचे .454 कॅसूल रिव्हॉल्व्हर 50 जूलच्या घरात धक्का देते, तरी त्याची मूठ जुन्या कोल्टच्याच वळणाची आहे आणि कित्येकांना तीच मानवते. लांब बोटांचे लोक बिझलीकडे झुकतात. ढिली पकड ठेवून रिव्हॉल्व्हर फिरू देण्याची सवय असलेल्यांना नांगराची मूठ सोडवत नाही.

डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे चाप ओढला की घोडाही आपोआप मागे जाऊन सुटतो अशा रिव्हॉल्व्हरमध्ये, फिरणे परवडत नाही, कारण हात वर सरकला की चापापर्यंत बोट नीट पोचत नाही. म्हणून स्मिथ अँड वेसनच्या फ्रेमला (पोलादी सांगाड्याला) मागे, वरच्या टोकाला उंचवटा असतो. तो हाताला रोखतो, पण मूठ वरच्या भागात अरुंद असेल तर सगळा भार त्या उंचवट्यावरून बेचक्यात टोचतो. जड काडतुसासाठी मूठ वर रुंद आणि खाली निमुळती हवी. मागून येणारा जोर वरच्याच भागात जास्त असतो, आणि खाली बारीक असली तर करंगळी व तिच्या शेजारचे बोट पूर्ण आवळता येते. दुकानात देखण्या दिसणाऱ्या, तळाशी फुगलेल्या लाकडी मुठी याच्या बरोबर उलट्या असतात.

रबराचा फायदा ते मागची पोलादी पट्टी झाकते तेव्हाच. पट्टी उघडी ठेवणारी रबरी मूठ बाजूंना चिकट पकड देते, पण धक्का पोलादातूनच येतो. रूगरने जीपी 100 (1985) आणि सुपर रेडहॉक (1987) यांत पट्टीच काढून टाकली. फ्रेमला फक्त एक बारीक खुंटा, त्याभोवती हवी तशी मूठ. रबराला मागे जागा मिळाली आणि मुठीच्या मागच्या बाजूपासून चापापर्यंतचे अंतरही वाढले नाही. एरवी पट्टी झाकली की ते काही मिलिमीटरने वाढतेच. लहान हाताचा माणूस मग बोट पोचवण्यासाठी हात कुशीवर फिरवतो, नळी मनगटाच्या रेषेतून सुटते आणि धक्का थेट अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यात जातो. जाड मऊ मूठ लावून दुखणे वाढले, या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

मूठ पारखताना आधी सिलिंडर उघडून सगळी घरे रिकामी आहेत याची खात्री करा. मग नळी आणि हाताचे मनगटापासून कोपरापर्यंतचे हाड एका रेषेत ठेवून धरा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर आला पाहिजे. मधले बोट आणि कडे यांत तीन ते सहा मिलिमीटर फट दिसावी. बोटांसाठी खाचा असतील तर त्यांचे उंचवटे बोटांच्या मध्येच यायला हवेत. एखादा बोटाखाली आला तर जड काडतुसाला तो हाडावर बसतो. अशा वेळी खाचा कानशीने घासून टाकाव्यात.

लाकडी मूठ फुटते ती बहुतेक वेळा तळाच्या पिनेजवळ. लाकूड फ्रेमला नीट टेकलेले नसते आणि सगळा मार ती पिन घेते. फ्रेमला काजळी लावून मूठ बसवा आणि काढा; काळे डाग लाकडाच्या आत सर्वदूर उमटायला हवेत. दोनच ठिकाणी उमटले तर तेवढाच भाग थोडा थोडा घासत सांधा जुळवायचा. बाहेरच्या बाजूला लाकूड पोलादी पट्टीपेक्षा खोल गेलेले नको, नाहीतर पट्टीची कड कातडे सोलते. जाळीदार नक्षी हलक्या काडतुसाला पकड देते, जड काडतुसाला कानशीचे काम करते. स्क्रू पन्नासेक गोळ्यांनंतर तपासा, ढिले होतात.

मूठ बदलल्यावर नेम पुन्हा लावावा लागतो. साडेसहा इंची नळीतून गोळी बाहेर पडायला एक मिलिसेकंदाहून कमी वेळ लागतो, पण तेवढ्यात रिव्हॉल्व्हर सुमारे 2 मिलिमीटर मागे आलेले आणि फिरू लागलेले असते. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून ती हलक्या गोळीपेक्षा वर लागते. नवी मूठ हे फिरणे कमी करत असेल तर त्याच काडतुसाच्या गोळ्या आता खाली लागतील, आणि नेम धरायची मागची खाच थोडी वर घ्यावी लागेल.