स्टेरॉइडचा स्प्रे नाकापुरता कसा राहिला

खोक्यावरचं बारीक अक्षर वाचताना ‘स्टेरॉइड’ हा शब्द दिसला, की बरेच जण नाकात मारायचा स्प्रे कपाटात तसाच ठेवून देतात. शिंका परवडल्या, पण स्टेरॉइड नको. ही भीती हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे. फक्त तो इतिहास या बाटलीचा कमी आणि तिच्या पूर्वजांचा जास्त आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईंना कॉर्टिझोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू केली. अंथरुणात कूस बदलतानाही त्यांचे हाल होत. आठवडाभरात त्या चालत खरेदीला गेल्या. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधलं हे द्रव्य. ते शोधणाऱ्या एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना हेंच यांच्यासोबत १९५० चं नोबेल मिळालं. पण कौतुक चालू असतानाच दुसरी बाजू दिसू लागली होती. चेहरे चंद्रासारखे गोल होत, हाडं ठिसूळ होत, रक्तातली साखर चढे. शिवाय बाहेरून आयता पुरवठा होतोय म्हटल्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम सोडून बसत, आणि औषध एकदम थांबवलं तर ते जिवावर बेते.

अ‍ॅलर्जीची सर्दीही याने आटोक्यात येते हे कळायला वेळ लागला नाही. पण शिंकांसाठी हाडं पणाला कोण लावणार? मग औषध थेट नाकातच मारायची कल्पना निघाली. १९६० च्या दशकात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे नाकातले स्प्रे वापरात आले. नाक मोकळं झालं, पण औषध नाकात थांबेना. काही अस्तरातून, काही घशाखाली उतरून ते रक्तात पोचे, आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी पुन्हा मंदावत.

उत्तर सापडलं ते त्वचारोगांच्या मलमांच्या वाटेने. स्टेरॉइडचा थेंब हाताच्या त्वचेवर टाकला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी फिकट पडते. जितकी फिकट, तितकं औषध जागच्या जागी प्रभावी. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन या संशोधकांनी या साध्या निरीक्षणाची पद्धतशीर चाचणीच करून टाकली. (पुढची कित्येक औषधं पारखायला ही फिकट कातडीच उपयोगी पडली.) तिच्यात सरस ठरलेलं बेक्लोमेथासोन डायप्रोपिओनेट आधी दम्यासाठी श्वासातून दिलं गेलं. १९७३ मध्ये डेन्मार्कचे नील्स मायगिंड यांनी ते परागकणांच्या अ‍ॅलर्जीसाठी नाकात मारून पाहिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजच्या बाटलीची वंशावळ इथून सुरू होते.

नंतर फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन आले. स्प्रेचा बराचसा भाग शेवटी गिळलाच जातो, पण या दोन्हींचा गिळलेला भाग यकृत जवळजवळ पूर्ण मोडून टाकतं. रक्तात पोचणारा अंश २ टक्क्यांच्याही आत राहतो. बेक्लोमेथासोनचं तसं नव्हतं. ६ ते ९ वर्षांच्या मुलांवर केलेल्या एका चाचणीत ते रोज दोनदा घेणारी मुलं वर्षभरात सरासरी ५ सेंटिमीटर वाढली, तर नुसता औषधविरहित स्प्रे मारणारी ५.९. १९९८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने वाढीबद्दलचा इशारा या गटातल्या सगळ्याच औषधांच्या माहितीपत्रकात घालायला लावला. म्हणून मुलांना कमीत कमी पुरेसा डोस द्यायचा आणि उंची मोजत राहायची, ही पद्धत पडली.

इथे एक गोंधळ निस्तरायलाच हवा. ‘नाकाच्या स्प्रेची सवय लागते’ हे खरं आहे, पण ते दुसऱ्या बाटलीबद्दल. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन यांसारखी नाक झटक्यात मोकळं करणारी औषधं रक्तवाहिन्या आवळतात. ती चार-पाच दिवसांपलीकडे मारत राहिलं की असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. स्टेरॉइड असं वागत नाही. उलट ते इतकं सावकाश चढतं की दोन दिवस मारून ‘काही फरक नाही’ म्हणत लोक सोडून देतात. पुरता गुण यायला रोज न चुकता मारूनही एक-दोन आठवडे लागू शकतात.

आता त्रास उरतो तो बहुधा नाकातलाच: कोरडेपणा, खपली, घोळणा फुटणं. त्याचं मोठं कारण बाटली धरण्यात असतं. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारलं की बाटलीचं तोंड सहज नाकाच्या मधल्या पडद्याकडे वळतं, आणि रोज त्याच जागी मारा बसतो. म्हणून उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा. मान किंचित खाली, टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, आणि श्वास अलगद. जोरात ओढलं तर औषध सरळ घशात. वरचेवर रक्त येत असेल तर स्प्रे थांबवून नाक तपासून घ्यावं. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असलेल्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावं.

२०१३ मध्ये अमेरिकेत याच गटातल्या ट्रायामसिनोलोनचा आणि पुढच्या वर्षी फ्लुटिकासोनचा स्प्रे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मंजुरी मिळाली. पण ही सगळी सुरक्षितता यकृताच्या भरवशावर आहे, आणि एचआयव्हीवरच्या उपचारातलं रिटोनाविर यकृताचं नेमकं तेच काम अडवतं. रिटोनाविर आणि फ्लुटिकासोनचा स्प्रे एकत्र घेणाऱ्या काही रुग्णांचे चेहरे कॉर्टिझोनच्या दिवसांसारखे गोल झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. अशा रुग्णाला स्टेरॉइडचा स्प्रे द्यायचाच झाला, तर डॉक्टर सहसा जुन्या बेक्लोमेथासोनकडे वळतात, कारण त्याचं विघटन त्या अडलेल्या वाटेवर फारसं अवलंबून नसतं.