तिळाला घाणा, सोयाबीनला हेक्झेन

इंदुरात हल्ली ‘लाकडी घाण्याचं तेल’ अशा पाट्या बऱ्याच दिसतात. माझ्या आजीला त्यात काही अप्रूप वाटलं नसतं. बरणी घेऊन तेल्याकडे जायचं, येताना गाईसाठी ढेप आणायची, एवढाच तो व्यवहार. बैलाच्या डोळ्यांवर झापडं, उखळात फिरणारी लाट, आणि तेली मधूनच तिळावर पाण्याचा हबका मारतोय. ही भेसळ नव्हे. थोड्या पाण्यानं चोथा धरून राहतो आणि तेल सुटं होतं.

हे जमायचं कारण तिळात जवळजवळ निम्मं तेलच असतं. ढेपेत दहाएक टक्के राहिलं तरी कुणाचं बिघडत नसे, गाईचं तर नाहीच. १९३४ मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी याच घाण्यात सुधारणा केल्या.

मग माळव्यात सोयाबीन आलं. काळं, देशी सोयाबीन ‘कालीतूर’ म्हणून इथं आधीही होतं, पण १९६० च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठानं अमेरिकी वाणांवर काम सुरू केलं आणि पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या काळ्या रानांना पीक मिळालं. १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरातच आलं.

अडचण एकच. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के. घाण्याचं इथं काही चालत नाही. एक्स्पेलरही, म्हणजे स्क्रूनं दाबून तेल काढणारं यंत्र, पेंडीत सहा-सात टक्के सोडतो, म्हणजे तेलाचा तिसरा हिस्सा गेलाच. म्हणून सॉल्व्हंट प्लांट, म्हणजे द्रावकात विरघळवून तेल काढणारा कारखाना. दाण्याचे पातळ पापुद्रे करून त्यांवर हेक्झेन हे पातळ द्रावक सोडायचं, तेल त्यात विरघळतं, मग उकळून हेक्झेन परत घ्यायचं. पेंडीत उरतं एक टक्क्याहून कमी. शिवाय खरी कमाई त्या पेंडीचीच, जिला इथं सगळे डीओसी (डी-ऑइल्ड केक, तेल काढलेली पेंड) म्हणतात.

द्रावकानं तेल काढायची कल्पना फ्रान्सची, १८५० च्या दशकातली. तेव्हा कार्बन डायसल्फाइड वापरत, विषारी आणि भडकणारं. त्यामानानं हेक्झेन बरं. पण तेही पेट्रोलियमचंच, सहज पेट घेणारं, मज्जातंतूंना घातक, आणि थोडं तरी हवेत निसटणारंच. आपण बी बदललं, त्याबरोबर हे आलं. तेलाला ‘पर्यावरणपूरक’ म्हणताना हे सहसा कुणी बोलत नाही.

पर्याय आहेत. ३१ अंशांच्या वर, हवेच्या सुमारे ७३ पट दाबाखाली कार्बन डायऑक्साइड द्रावकासारखा वागतो, पण बियांच्या तेलासाठी दाब तीनशे पटींपर्यंत न्यावा लागतो. मसाल्यांच्या अर्काला तो खर्च परवडतो, खाद्यतेलाला अवघड. एंझाइम आणि पाण्याची रीत तेल्याच्या हबक्याचीच लांबची नातलग. तिच्यात तेल-पाण्याचं दुधासारखं मिश्रण होतं, ते फोडताना दमछाक होते. २०२३ मध्ये युरोपीय संघानं २-मिथाइलऑक्सोलेन या द्रावकाला मान्यता दिली. ते उसाचं चिपाड, मक्याची बुरकुंडं अशा शेतातल्या काडीकचऱ्यापासून करता येतं. मात्र ते ८० अंशांना उकळतं, हेक्झेन ६९ ला. म्हणजे बॉयलरला वाफ जास्त लागणार.