हॅकिन्टॉशवर अंतर्गत ड्राइव्ह बाह्य दिसणे

कॅबिनेटच्या आत स्क्रूने आवळलेली हार्ड डिस्क किंवा मदरबोर्डवरच बसविलेली एसएसडी मॅकओएसने बाहेरून जोडलेली समजावी, हा हॅकिन्टॉश संगणकांवर वारंवार आढळणारा ओळखदोष आहे. ॲपलने न बनविलेल्या, बाजारातील सुटे भाग जोडून तयार केलेल्या ज्या संगणकावर ॲपलची मॅकओएस ही कार्यप्रणाली चालविली जाते, त्याला हॅकिन्टॉश म्हणतात. दोष असलेल्या संगणकावर अंतर्गत डिस्कचे चित्र नेहमीच्या राखाडी रंगाऐवजी केशरी दिसते, फाइली पाहण्याच्या फाइंडर खिडकीत डावीकडील पट्टीत डिस्कच्या नावापुढे इजेक्टची, म्हणजे डिस्क सुरक्षितपणे काढण्याची, खूण उमटते आणि डिस्कची गणना पेनड्राइव्हच्या रांगेत होते. डिस्कवरील माहितीला यामुळे धोका पोहोचत नाही व वाचण्या-लिहिण्याचा वेगही कमी होत नाही. चुकते ती फक्त डिस्कवर लागलेली चिठ्ठी. मात्र कार्यप्रणालीचे काही निर्णय या चिठ्ठीवरून ठरत असल्यामुळे दोष केवळ दिसण्यापुरता आहे असे मानून सोडून देता येत नाही.

पार्श्वभूमी : ॲपलने आपले संगणक इंटेलच्या प्रोसेसरवर नेण्याची घोषणा जून २००५ मध्ये केली आणि जानेवारी २००६ मध्ये तसे पहिले मॅक बाजारात आणले. मॅक आणि साधा पीसी यांची अंतर्गत रचना त्यामुळे जवळजवळ सारखी झाली व हॅकिन्टॉशचा मार्ग मोकळा झाला. मॅकओएसच्या परवान्यानुसार ती केवळ ॲपलच्या संगणकावर बसविण्यास मुभा आहे. असे संगणक तयार करून विकणाऱ्या सायस्टार या अमेरिकी कंपनीविरुद्धचा खटला ॲपलने २००९ मध्ये जिंकला आणि २०११ मध्ये अपिलातही तो निकाल कायम राहिला. त्यामुळे ही जुळणी अनधिकृतच राहिली आणि तिची दुरुस्ती ज्याची त्याने करावयाची, असा शिरस्ता पडला.

कोकण किनारपट्टीवर असे संगणक मुख्यतः लग्नसमारंभांचे व्हिडिओ संकलित करणाऱ्या स्टुडिओंत आणि भजन, दशावतारी नाटके यांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या छोट्या खोल्यांत आढळतात. व्हिडिओ संकलनाचे फायनल कट प्रो आणि ध्वनिमुद्रणाचे लॉजिक प्रो ही दोन्ही सॉफ्टवेअरे फक्त ॲपलच्या प्रणालींवर चालतात, तर असेंबल्ड पीसीत एकेक डिस्क वाढवत नेणे मॅक विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडते. परिणामी एकाच कॅबिनेटमध्ये प्रणालीची एक एसएसडी, चालू कामाची दुसरी आणि जुन्या कामांच्या दोन-तीन हार्ड डिस्क अशी गर्दी होते. अंतर्गत डिस्क जितक्या अधिक, तितका हा दोष अधिक जाचतो.

‘बाह्य’ आणि ‘काढता येण्याजोगी’ : बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी येत असले, तरी मॅकओएसमध्ये त्यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘डिस्कयुटिल इन्फो’ ही आज्ञा डिस्कच्या क्रमांकासह दिली असता मिळणाऱ्या माहितीत ‘डिव्हाइस लोकेशन’ ही ओळ डिस्क आत आहे की बाहेर हे सांगते, आणि ‘रिमूव्हेबल मीडिया’ ही ओळ माध्यम यंत्रातून निघणारे आहे की पक्के, हे सांगते. कार्ड रीडरमधील कार्ड निघणारे असते; यूएसबी पेटीतील हार्ड डिस्क बाह्य असूनही तिचे माध्यम पक्केच असते. हॅकिन्टॉशवरील दोषात बहुधा पहिली ओळ ‘एक्स्टर्नल’ दाखवते आणि दुसरी ‘फिक्स्ड’ दाखवते, म्हणजे बिघाड स्थानाच्या नोंदीत आहे, माध्यमाच्या नव्हे. तपास करताना तिसरी ‘प्रोटोकॉल’ ही ओळ सर्वांत उपयोगी पडते, कारण डिस्क साटावर (डिस्कसाठीची नेहमीची केबल-जोडणी) आहे की पीसीआय-एक्स्प्रेसवर (मदरबोर्डवरील कार्डांची वेगवान जोडणी), यावर पुढचा सगळा उपाय अवलंबून असतो. मदरबोर्डवरील एम.२ या अरुंद खाचेत बसलेली प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई, म्हणजे पीसीआय-एक्स्प्रेसवर चालणारी, असते हा समज चुकीचा आहे. दिसायला तशाच असलेल्या काही पट्ट्या आतून साटाच असतात. एपीएफएस या ॲपलच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कच्या बाबतीत ‘डिस्कयुटिल लिस्ट’मध्ये एक मूळ डिस्क आणि तिच्यावर रचलेली एक ‘सिंथेसाइज्ड’ डिस्क अशा दोन नोंदी येतात. त्यांपैकी मूळ डिस्कच्या ओळीतील ‘इंटर्नल, फिजिकल’ किंवा ‘एक्स्टर्नल, फिजिकल’ हे शब्द पाहावेत.

कारणे : मॅकओएसचे चालक-प्रोग्राम (ड्रायव्हर) मोजक्या, आधीच ठाऊक असलेल्या यंत्रांसाठी लिहिलेले असतात. साटा डिस्कशी संवाद साधण्याच्या मानकाला एएचसीआय म्हणतात, आणि या डिस्कचा कारभार ॲपल-एएचसीआय-पोर्ट या चालकाकडे असतो. प्रणाली सुरू होताना प्रत्येक उपकरणाची नोंद आय-ओ रजिस्ट्री नावाच्या वृक्षात होते आणि तेथे ‘फिजिकल इंटरकनेक्ट लोकेशन’ या गुणधर्मात इंटर्नल किंवा एक्स्टर्नल हा शब्द लिहिला जातो. डेस्कटॉपवरील चित्राचा रंग येथून ठरतो. ॲपलने कधी वापरला नाही असा नियंत्रक (डिस्क हाताळणारी चिप) समोर आला, की चालक त्याला सर्वसाधारण एएचसीआय नियंत्रक म्हणून स्वीकारतो, डिस्क चालवतो, पण तिच्या स्थानाबद्दल खात्री नसल्यामुळे तिला बाहेरची ठरवतो. मुख्य चिपसेटऐवजी वेगळ्या लहान चिपवरून दिलेल्या जादा साटा पोर्टांवर हा प्रकार विशेष दिसतो.

दुसरे कारण फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच साठविलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, असते. एएचसीआय मानकानुसार प्रत्येक पोर्टच्या नियंत्रण-नोंदीत दोन खुणा असतात : पोर्टवर चालू स्थितीत डिस्क काढता-घालता येते का, आणि हा पोर्ट पेटीबाहेर काढलेला, म्हणजे ई-साटा आहे का. बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, ‘हॉट प्लग’ (चालू स्थितीत डिस्क काढण्या-घालण्याची सोय) चालू ठेवलेले असेल, तर फर्मवेअर यांपैकी एखादी खूण लावून मोकळे होते आणि कार्यप्रणाली तिच्यावर विश्वास ठेवते. येथे मॅकओएसची चूक म्हणता येत नाही. तिला जे सांगितले गेले तेच ती दाखवते.

एनव्हीएमई एसएसडीची कथा निराळी आहे. तिला एएचसीआय लागत नाही. ती थेट पीसीआय-एक्स्प्रेसवर बसते. ॲपलच्या संगणकात आतल्या पीसीआय उपकरणांवर ‘बिल्ट-इन’ हा गुणधर्म लावलेला असतो. साध्या मदरबोर्डच्या फर्मवेअरला तो लावण्याचे कारण नसल्यामुळे मॅकओएस त्या खाचेतील एसएसडी वरून घातलेल्या कार्डासारखी मानते. खुद्द ॲपलच्या २०१० व २०१२ च्या मॅक प्रो संगणकांतही पीसीआय खाचेत कार्डावरून बसविलेली एनव्हीएमई एसएसडी बाह्यच दिसते, यावरून दोष हॅकिन्टॉशपुरता मर्यादित नाही हे लक्षात येईल.

परिणाम : टाइम मशीन ही बॅकअपची सोय बाह्य डिस्क आपोआप वगळते. चालू कामाची एसएसडी केशरी दिसत असेल आणि वगळलेल्या डिस्कांची यादी कोणी उघडून पाहिली नसेल, तर बॅकअप रोज होत असल्याचे समाधान मिळते आणि त्या एसएसडीवरील एकही फाइल बॅकअपमध्ये जात नाही. सगळ्या परिणामांत हा सर्वांत घातक म्हटला पाहिजे, कारण तो डिस्क खराब होईपर्यंत उघडकीस येत नाही. दुसरा परिणाम मालकीहक्काचा आहे : बाह्य व्हॉल्यूमवर फाइलींची मालकी दुर्लक्षित करण्याचा पर्याय सहसा चालू असतो, त्यामुळे एकाच संगणकावर दोघांची स्वतंत्र खाती असली तरी त्या डिस्कपुरता आडपडदा राहत नाही. तिसरा परिणाम म्हणजे चुकून इजेक्ट होणे. प्रणालीची डिस्क केशरी असली तरी चालू स्थितीत इजेक्ट होत नाही. कामाच्या डिस्कला मात्र हे संरक्षण नसते, आणि ती गेली की संकलनाच्या टाइमलाइनवरील सगळी दृश्ये एकदम ‘मीडिया सापडत नाही’ अशी लाल होतात. संगणक झोपेतून उठल्यावर ‘डिस्क योग्य रीतीने इजेक्ट केली नाही’ असा इशारा अंतर्गत डिस्कबद्दल येणे, हेही याच मालिकेतले आहे.

किनारपट्टीवरील निदान : शेवटच्या लक्षणापाशी कोकणात थबकावे लागते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, हवेत आर्द्रता कायम असते आणि समुद्रालगतच्या गावांत वाऱ्याबरोबर मीठही येते. साटा केबलच्या आणि वीजजोडणीच्या संपर्कपट्ट्या अशा हवेत हळूहळू काळवंडतात. मग डिस्क खरोखरच क्षणभर तुटते, पुन्हा जोडली जाते आणि पडद्यावर तोच इशारा झळकतो. ओळखदोषात डिस्क जागची हलत नाही. येथे ती खरोखर गायब होते. दोन्ही बाबतींत चित्र केशरी असू शकते, त्यामुळे पावसाळ्यात आलेला बिघाड थेट सेटिंग बदलून बरा करण्याचा प्रयत्न बहुधा फुकट जातो.

दोहोंत फरक करण्याची खात्रीची रीत म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींतील १९९ क्रमांकाचा आकडा पाहणे. केबलवरून माहिती जाताना झालेल्या सीआरसी चुकांची, म्हणजे पडताळणीत न जुळलेल्या माहितीची, ती बेरीज असते. मॅकओएसची डिस्क युटिलिटी फक्त ‘व्हेरिफाइड’ एवढेच सांगते, म्हणून स्मार्टमॉनटूल्स हे मोफत साधन वापरावे. आकडा आज टिपून ठेवावा, डिस्कवर मोठी फाइल चढवावी आणि पुन्हा पाहावा. आकडा कधीच शून्यावर येत नसल्याने जुना मोठा आकडा घाबरण्याजोगा नाही. वाढत जाणारा आकडा मात्र केबल किंवा जोडणी बिघडल्याचे चिन्ह आहे. अशा वेळी संगणक बंद करून, वीज तोडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्कपट्ट्या पुसाव्यात आणि केबल नवी घालावी. साटाची केबल मुळातच स्वस्त आहे. ती घासूनपुसून पुन्हा वापरण्यात शहाणपणा नाही. एनव्हीएमई एसएसडीला केबल नसते, त्यामुळे हा आकडा तिला लागू होत नाही.

उपाय : पहिले पाऊल बायोसमध्ये टाकावे. साटाची पद्धत रेड किंवा आरएसटी (अनेक डिस्क एकत्र हाताळण्याच्या पद्धती) असेल तर ती एएचसीआय करावी आणि त्या-त्या पोर्टचे हॉट प्लग बंद करावे. मात्र त्याच संगणकावर विंडोजही असेल, तर पद्धत बदलण्यापूर्वी विंडोजला तशी तयारी करून द्यावी लागते; एरवी ती सुरू होताना अडकू शकते. जादा चिपवरील पोर्टला जोडलेली डिस्क चिपसेटच्या मोकळ्या पोर्टवर हलविणे हा त्याहून साधा उपाय आहे. अनेक मदरबोर्डांवर एवढ्यानेच चित्र राखाडी होते, आणि बूटलोडरला (कार्यप्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला) हात न लावता काम झाले तर ते केव्हाही चांगले.

तरीही दोष राहिला, तर बूटलोडरकडे वळावे. २०१९ पासून प्रचारात आलेल्या ओपनकोअर या बूटलोडरमध्ये कर्नल (प्रणालीचा गाभा) विभागाच्या क्वर्क्समध्ये, म्हणजे खास फेरफारांच्या यादीत, ‘एक्स्टर्नल-डिस्क-आयकॉन्स’ हा पर्याय आहे. तो ॲपल-एएचसीआय-पोर्ट चालक स्मृतीत चढताना त्याच्यात बदल करून सर्व एएचसीआय डिस्कना अंतर्गत ठरवतो. त्याआधीच्या क्लोव्हर बूटलोडरमध्ये हेच काम एका लहान पॅचने होत असे : चालकाच्या आतील ‘एक्स्टर्नल’ हा शब्द शोधून तेथे ‘इंटर्नल’ लिहावयाचे. इंग्रजीत दोन्ही शब्द नेमके आठ अक्षरी आहेत आणि त्यांत फक्त पहिली दोन अक्षरे वेगळी आहेत. त्यामुळे चालकाची लांबी न बदलता दोन बाइट पालटले की काम भागे. ओपनकोअरची मार्गदर्शिका मात्र हा पर्याय शक्यतो टाळण्यास सांगते, कारण अलीकडच्या फर्मवेअरमधील नियंत्रक सहसा सुसंगत असतात. शिवाय हा पर्याय सरसकट लागू होतो : खऱ्या ई-साटा पेटीतील डिस्कही त्यामुळे अंतर्गत दिसू लागते. त्याच यादीतील ‘थर्ड-पार्टी-ड्राइव्ह्ज’ हा पर्याय नावावरून याच कामाचा वाटतो, पण तो एसएसडीच्या ट्रिमसारख्या (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळविण्याच्या) सोयींसाठी आहे. चित्राचा रंग त्याने बदलत नाही.

एनव्हीएमईसाठी वरील पर्याय निरुपयोगी ठरतो, कारण तेथे एएचसीआय चालकच नसतो. हॅकिनटूल किंवा जीएफएक्सयुटिल या साधनाने एसएसडीचा पीसीआय मार्ग (तिच्या खाचेचा पत्ता) शोधून तो ओपनकोअरच्या ‘डिव्हाइस प्रॉपर्टीज’मध्ये भरावा आणि त्याखाली ‘बिल्ट-इन’ हा गुणधर्म डेटा प्रकारात, ०१ या किमतीसह द्यावा. एसएसडी दुसऱ्या खाचेत हलविली, तर मार्ग बदलतो आणि नोंद पुन्हा करावी लागते. ते टाळायचे असल्यास इनी हे लहानसे केक्स्ट (मॅकओएसला जोडायचा चालक-प्रोग्राम) घालता येते. ते सर्व पीसीआय ड्राइव्हना एकदम अंतर्गत ठरवते. एकच एसएसडी असेल तर हाताने केलेली नोंद अधिक स्वच्छ. मॅक प्रोसारख्या चार-चार खाचांच्या संगणकात केक्स्ट सोयीचे.

कोणताही बदल आधी पेनड्राइव्हवरील ईएफआय विभागात (बूटलोडर ठेवण्याच्या जागेत) करून त्यावरून संगणक सुरू करून पाहावा, आणि सर्व ठीक वाटल्यावरच मुख्य डिस्कच्या ईएफआयमध्ये उतरवावा. वीज वारंवार जाते अशा गावात ही प्रत उतरविताना इन्व्हर्टर किंवा यूपीएस जोडलेला असावा. दुरुस्तीनंतर टाइम मशीनची वगळलेल्या डिस्कांची यादी आणि व्हॉल्यूमच्या ‘गेट इन्फो’ खिडकीतील मालकीचा पर्याय स्वतंत्रपणे तपासावा. रंग बदलला म्हणजे या जुन्या नोंदीही बदलल्या, असे गृहीत धरू नये.

अन्य प्रणाली : विंडोजमध्ये हाच दोष अंतर्गत साटा डिस्क ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’च्या यादीत येण्याच्या रूपाने दिसतो. तेथेही मूळ हॉट प्लगच्या खुणेत असते आणि बायोसमधून ते बंद होते. बायोस तशी सोय देत नसेल, तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) स्टोर-एएचसीआय या चालकाखाली ‘ट्रीट-ॲज-इंटर्नल-पोर्ट’ ही नोंद करून त्यात पोर्टचे क्रमांक भरता येतात. ॲपलने जून २०२५ मध्ये मॅकओएस २६, म्हणजे टाहो, ही इंटेल मॅकसाठीची शेवटची मोठी आवृत्ती असल्याचे जाहीर केले. त्यामुळे पुढील आवृत्त्यांसाठी नवे हॅकिन्टॉश उभे राहण्याची शक्यता संपली असून, आज चालू असलेले संगणक जुन्या आवृत्तीवर राहतील किंवा विंडोज अथवा लिनक्सकडे वळतील. वळताना एपीएफएस डिस्क विंडोजला आपणहून वाचता येत नाही, म्हणून जुनी कामे आधी दुसऱ्या फॉरमॅटच्या डिस्कवर काढून घ्यावी लागतात.