ज्येष्ठमधापासून निघालेली वाट: अल्सरवरच्या वनस्पतिजन्य औषधांची पार्श्वभूमी

नेदरलँड्समधल्या हेरेनवीन या गावातला एक औषधविक्रेता पोटदुखीवर काळसर, चिकट असे एक औषध बनवून देत असे. ते घेणारे अल्सरचे, म्हणजे जठर किंवा आतड्याच्या अस्तरावर पडलेल्या व्रणाचे, रुग्ण खरोखरच बरे होत आहेत, हे रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले. औषधात ज्येष्ठमधाचा अर्क ४० टक्के होता. रेव्हर्स यांनी १९४६ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि त्यातली अडचणही झाकली नाही. पाचातल्या साधारण एका रुग्णाच्या अंगावर सूज येत होती. अल्सरवरच्या वनस्पतिजन्य औषधांच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात मी इथून धरतो. गुण आणि दोष दोन्ही पहिल्याच नोंदीत आहेत, म्हणून.

ज्येष्ठमध काही तेव्हा नवे नव्हते. ग्रीक वनस्पतितज्ज्ञ थिओफ्रास्टसने त्याची नोंद केली आहे, आयुर्वेदात ते यष्टिमधु म्हणून येते. माधवनिदान या रोगनिदानावरच्या आयुर्वेदिक ग्रंथात अम्लपित्ताचे वर्णन आहे आणि अन्न पचत असताना उठणाऱ्या ‘परिणामशूला’चेही. हा शूल म्हणजेच आजचा लहान आतड्याच्या तोंडाशी होणारा अल्सर, असे अनेकजण ठासून सांगतात. साम्य आहे हे खरे. पण तेव्हा पोटाच्या आत डोकावून कोणी पाहिलेले नव्हते, त्यामुळे दोन्ही नावांमध्ये सरळ बरोबरीचे चिन्ह टाकणे घाईचे ठरेल.

विसाव्या शतकात उपचारांची दिशा ठरवली ती १९१० मध्ये कार्ल श्वार्ट्झ यांनी मांडलेल्या सूत्राने: आम्ल नाही, तर अल्सर नाही. मग आम्ल मारणारी चूर्णे, दूध, पथ्य आणि शेवटी शस्त्रक्रिया. बेलाडोना या विषारी वनस्पतीतले अ‍ॅट्रोपिनही याच कामाला लावले गेले. त्याने आम्ल थोडे घटायचे, पण तोंड कोरडे पडायचे आणि नजर धूसर व्हायची. ज्येष्ठमध मात्र आम्लाच्या वाटेला फारसे जातच नव्हते. त्याचे काम जठराच्या अस्तरावर होते.

ज्येष्ठमधातल्या ग्लिसिऱ्हेटिनिक आम्लापासून ब्रिटनमध्ये कार्बेनॉक्सोलोन हे औषध तयार झाले. १९६२ मध्ये रिचर्ड डॉल (धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे तेच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रुग्णांवर चाचणी घेतली. जठरातले व्रण लवकर भरले. आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणांना मात्र फायदा दिसला नाही. अस्तरावरच्या श्लेष्म्याचा थर वाढतो, पेशी जास्त काळ टिकतात, असे पुढे दिसले. अल्सर नुसता दाबून न ठेवता तो भरून आणणाऱ्या पहिल्या काही औषधांत त्याची गणना होते.

सुजेने मात्र पाठ सोडली नाही. अंगात मीठ-पाणी साठायचे, रक्तदाब चढायचा, पोटॅशियम खाली यायचे. याचा उलगडा व्हायला १९८७ उजाडले. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निष्प्रभ करणारे एक विकर (एन्झाइम) असते आणि ज्येष्ठमध नेमके त्यालाच अडवते. मग कॉर्टिसॉल मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाची जागा घेते. हा दोष टाळण्यासाठी, तो ज्याच्यामुळे येतो तो ग्लिसिऱ्हायझिन हा घटक काढून टाकलेले ज्येष्ठमधही बाजारात आले, पण त्याच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत.

दरम्यान अमेरिकेत गार्नेट चेनी यांनी १९४९ मध्ये ताज्या कोबीच्या रसाने १३ रुग्णांचे व्रण लवकर भरल्याचे सांगितले. रसातल्या अज्ञात घटकाला त्यांनी ‘जीवनसत्त्व यू’ म्हटले. ते जीवनसत्त्व नव्हतेच. एस-मिथाइलमेथिओनिन हे साधे संयुग निघाले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. बनारस हिंदू विद्यापीठात संन्याल आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात केळ्यावर प्रयोग केले. कच्च्या केळ्यात ल्यूकोसायनिडिन हे फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींत आढळणारे एक प्रकारचे संयुग) व्रणरोधक असल्याचे नंतर इतरांनी दाखवले.

या विखुरलेल्या निरीक्षणांना एक नाव मिळाले ते आंद्रे रॉबर्ट या संशोधकामुळे. १९७९ मध्ये त्यांनी उंदरांना आधी प्रोस्टाग्लँडिन (अस्तराला राखणारे, शरीरातच बनणारे द्रव्य) दिले आणि मग शुद्ध अल्कोहोल पाजले. आम्ल न घटवणाऱ्या मात्रेतही अस्तर वाचले. याला त्यांनी ‘पेशीसंरक्षण’ म्हटले. कल्पना मोलाची होती, पण प्रयोग फारच सोपा. उंदराला अर्क द्या, अल्कोहोल द्या, जखमा मोजा: या पद्धतीने पुढे असंख्य वनस्पती ‘अल्सररोधक’ ठरल्या. माझ्या मते इथेच या क्षेत्राचे नुकसान झाले. अल्कोहोलने तासाभरात भाजलेले अस्तर आणि माणसाच्या पोटात महिनोन्महिने राहिलेला व्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरी काही रेणू दवाखान्यापर्यंत पोचले. थायलंडमधल्या प्लाऊ-नोई झुडपातले प्लाउनोटॉल जपानमध्ये औषध झाले. सोफोरा मुळातल्या घटकाच्या धर्तीवर बनवलेले सोफाल्कोनही तिथेच.

पण तोवर बाजार फिरला होता. १९७६ मध्ये सिमेटिडिन आले, १९८८ मध्ये ओमेप्राझोल. आम्ल रोखण्यात त्यांच्यापुढे कोणाचा निभाव लागणार? १९८२ मध्ये वॉरन आणि मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणू वेगळा केला आणि बहुतेक अल्सरचे मूळच सापडले. मग वनस्पतींकडूनही जिवाणू मारण्याची अपेक्षा होऊ लागली. १९९८ मध्ये मस्तकी डिंकाने काचपात्रात तो मेल्याचे प्रसिद्ध झाले. रुग्णांवरच्या लहान चाचण्यांत मात्र तो बहुतेकांच्या पोटातून हटला नाही.

अस्तर सांभाळण्याचा प्रश्न संपलेला नाही, कारण अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. त्या अस्तराला राखणारी प्रोस्टाग्लँडिनेच बंद पाडतात. त्यांतली सर्वांत जुनी अ‍ॅस्पिरिन. तिची वंशावळ विलो झाडाच्या सालीतल्या सॅलिसिनपर्यंत जाते. आणि कार्बेनॉक्सोलोन? अल्सरच्या उपचारांतून ते जवळपास गेले. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा बंद करून पाहायच्या असल्या, की मेंदूचे संशोधक ते प्रयोगशाळेत वापरतात.