बॉनेटवरचा टवका आणि पारदर्शक फिल्म: एका थराची पार्श्वभूमी

पनवेलहून निघालेली गाडी देवगडला पोचली, की दुसऱ्या दिवशी धुताना बॉनेटच्या पुढच्या कडेवरून ओला हात फिरवून बघावा. वाटेत उडालेल्या खडीने पाडलेले, डोळ्यांना न दिसलेले रंगाचे टवके बोटांना लागतात. एखादा मोहरीएवढा, एखादा तिळाएवढा. टवका वरवरचा असेल तर पांढुरका ठिपका दिसतो. प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या अस्तरापर्यंत गेला असेल तर बहुधा राखाडी. आणि तळाशी पत्राच चमकत असेल, तर हातातलं काम टाकून आधी टचअपची बाटली शोधावी. किनाऱ्यावर अशा ठिपक्याला तपकिरी कडा यायला फार दिवस लागत नाहीत. एक पावसाळा गेला की भोवतालचा रंग फुगतो, नखाने टोकरला तर पोपडा निघतो, आणि गंज रंगाखालून ठिपक्यापेक्षा कितीतरी लांब गेलेला असतो.

आमच्या पांढऱ्या मारुती ८०० चं बॉनेट असंच गेलं. ज्या पेंटरकडे ते दोनदा रंगवून घेतलं, तो दुसऱ्या खेपेला वडिलांना म्हणाला होता, “वरसून रंग दिलो तरी खालसून गंज येतलोच.” त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते आपण दरवर्षी बघतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारं मीठ टवक्यात बसलं की तिथेही तेच होतं. पाऊस नसला तरी रात्रीच्या दमट हवेतून ते ओलावा ओढून घेतं, त्यामुळे लोखंड कोरडं असं राहतच नाही. त्यात मिठातला क्लोराइड गंजाची गती वाढवतो. साताऱ्या-सांगलीकडे टवका म्हणजे गाडीच्या रूपाला लागलेला डाग. इथे ती गंजाला मिळालेली वाट आहे.

ही वाट अडवणारी पारदर्शक फिल्म आता कोकणातही गाडीवाल्यांच्या बोलण्यात आहे. लोक तिला ‘पीपीएफ’ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) म्हणतात, आणि बहुतेकांच्या मनात ती महागड्या गाड्यांना चकचकीत ठेवण्याची हौस म्हणून बसली आहे. तिचा इतिहास पाहिला तर ती चमकेसाठी जन्मलीच नव्हती. तिचा जन्म खडीवाळूच्या माऱ्यातून झाला.

१९६० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची हेलिकॉप्टरं मोकळ्या, धुळीच्या जागी उतरत. तिथल्या सर्वात ओळखीच्या ह्युई हेलिकॉप्टरच्या पात्याचं टोक ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरतं. त्या वेगाला वाळूचा कण कानशीसारखं काम करतो, पात्याची पुढची धार खाल्ली जाते, आणि धार बिघडली की उडण्यावरच परिणाम होतो. त्यावर उपाय म्हणून सैन्याने थ्री एम कंपनीकडे हलकी, पातळ, चिकटवता येईल आणि खराब झाली की काढून नवी लावता येईल अशी पट्टी मागितली. जी तयार झाली ती पॉलियुरेथेनची होती. जुन्या जाणकारांच्या तोंडी अजून ‘हेलिकॉप्टर टेप’ हाच शब्द आहे, तो तिथून आला.

पॉलियुरेथेन तेव्हा फार जुनं नव्हतं. जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये त्याचं रसायन शोधलं. त्याच्या रबरासारख्या जातीत रेणूचे काही भाग मऊ आणि लवचिक असतात, काही भाग कडक. मऊ भाग ताणले जातात, कडक भाग त्यांना धरून ठेवतात. दगड आदळला की फिल्म तिथे दबते, त्याचा जोर आजूबाजूला वाटून टाकते आणि पुन्हा जागेवर येते. रंगाला हे जमत नाही. तो कडक असतो, म्हणून त्याचा टवका उडतो.

सैन्यातून ही पट्टी मोटारींच्या शर्यतीत आली. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेली खडी मागच्या गाडीच्या नाकाडावर बसते, ती अडवायला संघ ही पट्टी लावू लागले. रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसाठी त्या काळात अमेरिकेत वेगळा उपाय होता: काळ्या रेक्झिनचा मुखवटा, बॉनेटच्या टोकाला आवळून बांधायचा. त्याच्याखाली पाणी आणि धूळ अडकायची, वाऱ्याने तो फडफडला की तीच धूळ रंगावर घासली जायची. तो मुखवटा कोकणात आला असता, तर श्रावण संपायच्या आत त्याच्याखाली बुरशी धरली असती.

सुरुवातीच्या फिल्मचेही दोष होते. ती वळणावर बसायची नाही, कडा उचलायच्या, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळी पडायची. पिवळेपणाचं मूळ पॉलियुरेथेनच्या ‘ॲरोमॅटिक’ जातीत होतं; उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पिवळते. ‘ॲलिफॅटिक’ जात वापरायला लागल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला. पुढे प्रत्येक मॉडेलचे नकाशे संगणकात ठेवून प्लॉटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापायच्या यंत्रावर, तुकडे कापणं सुरू झालं. टेक्सासमधली एक्सपेल ही कंपनी १९९७ मध्ये अशा नकाशांच्या सॉफ्टवेअरपासूनच सुरू झाली. २०१०-११ च्या सुमारास फिल्मवर आणखी एक लवचिक लेप आला. त्यावर उठलेले बारीक ओरखडे उष्णतेने भरून येतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी बॉनेटला हात लावून बघा, एवढी ऊब त्याला पुरते. पण फिल्म आरपार कापली गेली असेल तर ती जखम भरत नाही. विकणारे हे आवाज उतरवून सांगतात, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

रंगाचीही एक बाजू आहे. शंभर वर्षांपूर्वी गाडी वॉर्निशने रंगवायला आठवडे लागत. १९२३ मध्ये ड्यूपाँ आणि जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांसाठी ड्युको हा नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग आणला आणि हे काम तासांवर आलं. आपल्याकडच्या पद्मिनी-अँबॅसेडरवर बराच काळ सरळ एकजिनसी रंग असे. पॉलिश मारताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा, हे ज्यांनी हाताने केलंय त्यांना आठवेल. रंग झिजायचा, पण घासून खालचा ताजा थर वर आणता यायचा. नंतर खाली रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट ही पद्धत रूढ झाली. चमक आणि उन्हापासूनचं रक्षण आता त्या वरच्या थराकडे आहे, आणि तो असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. कारखान्यातला सगळा रंग धरला तरी १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. फिल्म एकटीच १५० ते २०० मायक्रॉनची असते. दगड कोण अडवणार, ते या आकड्यांतच आहे. फिल्मऐवजी काहीजण सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर पुसून लावायचा पातळ लेप घेतात; त्याची जाडी मोजक्या मायक्रॉनची. त्याने पाणी ओघळतं, धूळ कमी चिकटते, पण दगडापुढे त्याचं काही चालत नाही. दोन्हीला एकाच मापाने मोजून पैसे घेणं मला पटत नाही.

वरचा थर झिजावा आणि आतला वाचावा, ही कल्पना किनाऱ्याला नवी नाही. मे महिना सरता सरता मातीच्या घरांच्या पश्चिमेकडच्या भिंतींना माडाच्या चुडतांचे झाप बांधत. जून-जुलैची झड त्यांनी अंगावर घ्यायची, भिंत कोरडी ठेवायची. पाऊस संपला की तेच झाप न्हाणीच्या चुलीत जात. होडीच्या फळ्यांना तेल पाजायचं ते खाऱ्या पाण्यासाठी, आणि ते दर हंगामात नव्याने. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेला खेळायचा पत्ता, हातात घेऊन उजेडात तिरकी धरली तर चित्रावर लाखेचा पातळ झिलईदार थर दिसतो. खेळताना बोटं त्या थरावर घासतात, दशावतारांच्या रंगावर नाही.

भारतात ‘गाडीची फिल्म’ म्हटलं की बराच काळ काळी काचच डोळ्यांसमोर यायची. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हापासून अंगावरची फिल्म चालते का, असं विचारणारे मला अजून भेटतात. तो निकाल काचांपुरता होता. अंगावरच्या पारदर्शक फिल्मने नोंदणीतला रंग बदलत नाही. रंगीत रॅप लावून गाडीचा रंग बदलला तर मात्र आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते.

आणि मग आपला मुंबई-गोवा महामार्ग. आधी तो राष्ट्रीय महामार्ग १७ होता, नव्या क्रमवारीत ६६ झाला. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. पुढच्या टप्प्यांचीही कामं निघाली आणि वर्षानुवर्षं चालली. त्या सगळ्या काळात गणपतीला गावी येणारी गाडी उखडलेल्या पट्ट्यांवरून, वळवलेल्या रस्त्यांवरून, चिरे आणि वाळू भरलेल्या डंपरच्या मागून आली. जांभा मऊ असतो, त्याची लाल धूळ होते. टवके उडतात ते काळ्या दगडाच्या खडीने. लाल धुळीचा त्रास वेगळा: कोरड्या फडक्याने पुसली की क्लिअर कोटवर जाळीसारखे ओरखडे उठतात. आधी भरपूर पाणी, मग हात. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर गाडी सर्वात पुढे लागली आणि समुद्र उसळलेला असला तर खारे तुषार थेट बॉनेटवर येतात. घरी पोचल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी.

झाडांचंही सांगायला हवं. हापूसच्या देठाचा चीक हाताला लागला तर कातडी भाजते, तो तापलेल्या बॉनेटवर वाळला तर रंगात डाग धरतो. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे कलमाखाली चिकटा गळतो, काजूच्या झाडाखाली बोंडूचा रस. फिल्मवर पडलं तर लवकर धुतल्यावर बहुधा निघून जातं, नाही निघालं तरी डाग फिल्मला पडतो.

एवढं असूनही अख्ख्या गाडीला फिल्म लावायचा सल्ला मी सरसकट देत नाही. तो खर्च लाखाच्या घरात जातो, आणि किनाऱ्यावर गाडी मरते ती बहुतेक खालून: चॅसी, चाकांच्या कमानी, दरवाजांच्या तळच्या कडा. तिथे फिल्म पोचत नाही. तिथलं काम अंडरबॉडी कोटिंगचं आणि धुण्याचं. हेलिकॉप्टरवाल्यांनीही पट्टी लावली ती पात्याच्या पुढच्या धारेला. गाडीची धार म्हणजे पुढचा बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरशांची पाठ, आणि चाकांमागचा दरवाजाखालचा पट्टा. लावून घ्यायची तर नोव्हेंबर ते मे या दिवसांत. फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवत बसवतात आणि स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, ते पाणी बाहेर काढतात; जुलैच्या हवेत कडांखालचं पाणी वाळतच नाही, आणि कडा उचलली की तिथे मीठ आणि माती बसते.

मागच्या मे महिन्यात कुडाळला एका गाळ्यात जुनी फिल्म काढताना मी उभा होतो. पोरगा हीट गनने एक वीतभर भाग गरम करायचा आणि फिल्म अगदी सपाट धरून सावकाश मागे ओढायचा. घाईने उभी ओढली तर गोंद मागे राहतो, आणि त्या जागी पुन्हा रंगकाम झालेलं असेल तर रंगही निघून येतो. निघालेला तुकडा त्याने ट्यूबलाइटसमोर धरला. वीतभर तुकड्यात मी एकोणीस खड्डे मोजले, दोन तर अगदी खोल. खालच्या बॉनेटवर हात फिरवला, बोटांना काहीच लागलं नाही. जिथे फिल्म संपत होती, त्या रेघेच्या मागे मात्र तीन टवके होते, एकाला तपकिरी कडा आलेली. मालकाने आधी तो टवका भरून घ्यायला सांगितलं, नंतर नवी पट्टी या वेळी चार बोटं मागे घेऊन.