विवाद मंडळ (बांधकाम कंत्राटे)

धरणे, बोगदे, महामार्ग, मेट्रो यांसारख्या मोठ्या कामांच्या कंत्राटांत मालक व कंत्राटदार यांच्यातील मतभेद काम चालू असतानाच मिटवण्यासाठी नेमले जाणारे मंडळ. त्यात बहुधा तीन सदस्य असतात : प्रत्येक पक्षाने सुचवलेला एक व अध्यक्ष. लवाद तंटा उभा राहिल्यावर, बरेचदा काम आटोपल्यावर नेमला जातो. विवाद मंडळ मात्र शक्यतो कामाच्या आरंभीच स्थापन होते.

मंडळाच्या कल्पनेमागे अभियंत्याच्या दुहेरी भूमिकेचा जुना प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश रेल्वे कंत्राटांत मालकाचा अभियंताच नकाशे करी, देखरेख ठेवी, बिले मंजूर करी आणि तंटा झाल्यास निर्णयही देई. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा ठेकेदार विल्यम रेंजर याला 1838 मध्ये कामावरून दूर करण्यात आले, तेव्हा त्याने कंपनीला न्यायालयात खेचले. खडक अपेक्षेपेक्षा कठीण लागला, ही त्याची एक तक्रार होती. दुसरी अधिक मूलगामी होती : ज्याच्या दाखल्यावर पैसे मिळायचे तो अभियंता इझंबार्ड ब्रुनेल स्वतः कंपनीचा भागधारक होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने 1854 मध्ये हा आक्षेप फेटाळला. अभियंता कंपनीचाच माणूस आहे हे ठेकेदाराला ठाऊक होते, असा त्यामागील विचार होता. कायद्याच्या दृष्टीने तो सुसंगत असला, तरी ठेकेदाराला सही करण्यावाचून दुसरा मार्ग कितपत होता, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

मंडळाचा उगम नेमका कोठे झाला याबद्दल एकमत नाही. काहींच्या मते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बाउंडरी धरणावर 1960 च्या दशकात नेमलेले संयुक्त सल्लागार मंडळ हे पहिले उदाहरण होय. इतर अभ्यासक कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगद्याकडे बोट दाखवतात. त्याच्या पहिल्या नळीचे (दोन समांतर मार्गांपैकी एकाचे) काम खर्च व मुदत या दोन्ही बाबतींत फसले होते. दुसऱ्या नळीच्या कंत्राटात 1975 च्या सुमारास पुनर्विलोकन मंडळाची तरतूद झाली. भूमिगत कामांची कंत्राटे कशी सुधारावीत याविषयीचा एक अमेरिकी अहवाल त्याआधी, 1974 मध्ये आला होता. बाउंडरी येथील मंडळाचे स्वरूप सल्ल्याचे होते. तंट्याची रीतसर सुनावणी करणारी संस्था हा निकष लावल्यास आयझेनहॉवरचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. अमेरिकेबाहेरील पहिले मंडळ म्हणून साधारणपणे होंडुरासमधील एल काहोन धरणाचा (सु. 1980) उल्लेख होतो. जागतिक बँकेने 1995 मध्ये आपल्या नमुना निविदांत 5 कोटी डॉलरहून मोठ्या कामांना मंडळ सक्तीचे केल्यावर ही पद्धत विकसनशील देशांत पसरली.

सल्लागार अभियंत्यांच्या ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने (स्थापना 1913) 1957 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुना अटींत, इंग्लिश वळणानुसार, पहिला निर्णय अभियंत्याकडेच होता. 1999 च्या अटींत तो मंडळाकडे आला. त्यांनुसार मंडळाच्या कार्यस्थळावरील भेटींत 140 दिवसांहून अधिक अंतर पडू देऊ नये असा दंडक आहे, मग तंटा असो वा नसो. पायाच्या खड्ड्यात पाणी कोठून येते, जागेचा ताबा केव्हा मिळाला, हे सदस्यांनी तेव्हाच पाहिलेले असते; पुढे केवळ मोजमाप पुस्तक आणि पत्रव्यवहार यांवरून अंदाज बांधावा लागत नाही. तंटा सोपवल्यावर 84 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तो लगेच पाळावा लागतो आणि त्यानंतरच्या 28 दिवसांत कोणीही नापसंतीची नोटीस न दिल्यास अंतिम ठरतो. नोटीस दिल्यास लवादाचा मार्ग खुला राहतो. मंडळाने केवळ शिफारस करावी की बंधनकारक निर्णय द्यावा, याबाबत दोन संप्रदाय आहेत.

भारतात अभियंत्याची भूमिका दीर्घकाळ टिकली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-1 व बी-2 कंत्राट नमुन्यांतील कलम 30 अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम मानते. असे कलम म्हणजे लवाद करार (तंटा लवादाकडे सोपवण्याचा करार) की केवळ प्रशासकीय तरतूद, यावर न्यायनिर्णयांचे दोन प्रवाह आहेत. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टिप्पर चंद खटल्यातील असे कलम लवाद करार नसल्याचे म्हटले. त्याच वर्षी रुक्मणीबाई गुप्ता खटल्यात, खाणपट्ट्याच्या करारातील कलम मात्र लवाद करार मानले. पहिल्याच दृष्टीकडे पुढील कल झुकलेला दिसतो : कर्नाटक सरकारच्या बांधकाम कंत्राटांबाबत 2013 मध्ये न्यायालयाने तीच भूमिका घेतली.

लवाद कायद्याच्या (1996) 2015 च्या दुरुस्तीने पक्षाच्या कर्मचाऱ्याला त्याच पक्षाच्या तंट्यात लवाद होण्यास अपात्र ठरवले. 2024 मध्ये घटनापीठाने सार्वजनिक संस्थांनी एकतर्फी लवाद नेमण्याच्या कलमांना समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवले. रेंजरचा आक्षेप असा भारतीय कायद्यात मान्य झाला, मात्र लवादापुरता. कंत्राटात अभियंत्याने द्यावयाच्या पहिल्या निर्णयाला हे दंडक थेट लागू होत नाहीत. त्या टप्प्यावर विवाद मंडळाची उपयुक्तता आजही तेवढीच आहे. जून 2024 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी खरेदीत लवादाची अट सरसकट घालू नये, साधारणपणे 10 कोटी रुपयांपेक्षा कमी मूल्याच्या तंट्यांपुरती ती ठेवावी, आणि मोठ्या कंत्राटांत मध्यस्थीला प्राधान्य द्यावे, असे मार्गदर्शन केले.