पौष वारी (त्र्यंबकेश्वर)

पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या समाधीच्या दर्शनासाठी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे पायी जाण्याची वारकरी संप्रदायातील प्रथा. ‘निवृत्तिनाथांची यात्रा’ किंवा नुसतेच ‘त्र्यंबकची वारी’ असेही तिला म्हणतात. ही षट्तिला एकादशी बहुधा जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या आरंभी येते. २०२४ मध्ये ती ६ फेब्रुवारीस, २०२५ मध्ये २५ जानेवारीस, तर २०२६ मध्ये १४ जानेवारीस, म्हणजे ऐन संक्रांतीच्या दिवशी आली. आषाढी वारीत संतांच्या पालख्या आणि प्रत्येक पालखीबरोबर तिच्या दिंड्या चालतात, तशी या वारीची रचना नाही. गावोगावच्या दिंड्या आपापल्या वाटेने निघतात आणि त्र्यंबकेश्वरी एकत्र येतात. तिचे वेगळेपण मुख्यतः यात आहे.

निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू व गुरू. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी गुरुपरंपरा दिली आहे. विठ्ठलपंत मुलाबाळांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ समोर आला, धावपळीत निवृत्तिनाथ चुकले आणि गहिनीनाथांच्या गुहेत जाऊन पोहोचले, ही कथा चरित्रकारांनी एकमुखाने सांगितली आहे. निवृत्तिनाथांच्या जन्मवर्षाविषयी मात्र दोन परंपरा आहेत. जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात चारही भावंडांची वर्षे शके ११९०, ११९३, ११९६ व ११९९ अशी येतात. दुसऱ्या परंपरेनुसार ती ११९५, ११९७, ११९९ व १२०१ अशी आहेत. दुसरी गणना अधिक रूढ आहे. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीचे शके १२१२ हे वर्ष निश्चित धरले, तर पहिल्या गणनेने ज्ञानेश्वर त्या वेळी १९ वर्षांचे होतात, दुसरीने १५ वर्षांचे. केवळ कोवळ्या वयाची अडचण वाटते म्हणून पहिली गणना स्वीकारावी, हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही.

यात्रेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाद तिथीचा आहे. निवृत्तिनाथांनी शके १२१९ (इ. स. १२९७) मध्ये ज्येष्ठ वद्य द्वादशीस, काहींच्या मते एकादशीस, समाधी घेतली. असे असता त्यांची मोठी यात्रा पौषात का भरते? एक मत असे, की ज्येष्ठ वद्यात वारकरी पंढरपूरच्या वाटेवर असतात. खुद्द निवृत्तिनाथांची पालखीही ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास त्र्यंबकेश्वराहून निघते आणि समाधीच्या तिथीला ती अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात असते. म्हणून यात्रा सोयीच्या महिन्यात नेली गेली. हे मत वरवर पटण्याजोगे आहे, पण ‘सोयीचा महिना’ पौषच का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

दुसरे मत चारही भावंडांच्या यात्रा एकत्र पाहते. ज्ञानेश्वरांची यात्रा आळंदीस कार्तिक वद्यात, सोपानदेवांची सासवडला मार्गशीर्ष वद्यात, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरी पौष वद्यात, तर मुक्ताबाईंची मुक्ताईनगर परिसरात तापीकाठी माघ वद्यात भरते. लागोपाठ चार महिन्यांचे चार वद्य पक्ष चौघांना वाटून दिल्यासारखे दिसतात. यांपैकी पहिल्या दोन प्रत्यक्ष समाधीच्या तिथी आहेत. ज्ञानेश्वरांची कार्तिक वद्य त्रयोदशी (शके १२१८), तर सोपानदेवांची मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी. मुक्ताबाई वैशाख वद्यात व निवृत्तिनाथ ज्येष्ठ वद्यात गेले, असे परंपरा सांगते. तेव्हा उरलेल्या दोघांच्या यात्रा पहिल्या दोहोंना जोडून पुढे लावल्या गेल्या असाव्यात. यावर आक्षेप असा, की समाधीच्या क्रमाने मुक्ताबाई आधी आणि निवृत्तिनाथ शेवटी यायला हवेत. परंतु तापीकाठची यात्रा चांगदेवांच्या महाशिवरात्रीच्या यात्रेशी बांधलेली असल्याने माघ तिकडे गेला व पौष त्र्यंबकेश्वराकडे आला, असे मानल्यास आक्षेपाची धार कमी होते. शिवाय हा क्रम पायी हिंडणाऱ्या फडकऱ्यांच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटांच्या प्रमुखांच्या, वर्षभराच्या फिरतीला जुळणारा आहे. उपलब्ध मतांत हेच अधिक ग्राह्य दिसते.

तिसरे स्पष्टीकरण व्यवहाराचे आहे आणि त्याची हवी तेवढी दखल घेतली गेलेली नाही. पौषात लग्ने करीत नाहीत. त्यामुळे गावोगावची मंगल कार्यालये, मंडप, जेवणाची मोठी भांडी, आचारी आणि टेम्पो या महिन्यात मोकळे असतात. खरीप घरात आलेला असतो, बाजरीला नवे मोल असते. यावरून यात्रेचा उगम सिद्ध होत नाही. ती टिकली आणि वाढली कशी, हे मात्र समजते.

पायी येण्याची प्रथा किती जुनी, हे नेमके सांगता येत नसले तरी तिचे आजचे स्वरूप फार प्राचीन नसावे. विणेकरी पुढे, टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मधे मृदंग, मागे तुळस घेतलेल्या स्त्रिया आणि ठरावीक वेळी ठरावीक अभंग ही शिस्त हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आळंदीच्या पालखीला लावली. त्र्यंबकेश्वराकडे येणाऱ्या दिंड्या तीच पाळतात. तेव्हा दिंड्यांची बांधणी त्यानंतरची आणि सुट्या वारकऱ्यांचे येणे त्याहून बरेच आधीचे, असा अंदाज करण्यास हरकत नाही.

दिंड्या मुख्यतः नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, छत्रपती संभाजीनगर, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतून येतात. सिन्नर, निफाड व येवल्याकडच्या दिंड्या नाशिक शहरातून जातात. रामकुंडावर स्नान करून पुढे सातपूर, पिंपळगाव बहुला, बेळगाव ढगा, महिरावणी, अंजनेरी, पेगलवाडी या वाटेने त्यांची शेवटची मजल होते. नाशिक ते त्र्यंबकेश्वर हे अंतर सुमारे २८ किमी. घोटीकडच्या दिंड्या पहिन्याच्या बाजूने, तर जव्हार-मोखाड्याच्या आंबोलीच्या बाजूने येतात. जवळच्या तालुक्यांतील दिंडीला दोन-तीन मुक्काम पुरतात. खानदेशातील दिंडी आठवडा-दहा दिवस चालत असते.

दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. हे दिवस कडक थंडीचे असतात. निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजले जाणारे किमान तापमान अनेकदा राज्यातील नीचांकांत असते, आणि दिंड्यांची एक मोठी वाट त्याच तालुक्यातून जाते. अंघोळीला पाणी तापवणे बहुतेकांना जमत नाही. मुक्काम वस्तीजवळ असेल तर जाणती मंडळी विहिरीवरची मोटार चालू करून मागतात, कारण भल्या पहाटे विहिरीचे पाणी टाकीतल्या पाण्यापेक्षा पुष्कळ उबदार असते. याच रात्री द्राक्षबागायतदार बागेत धूर करून मणी थंडीपासून वाचवीत असतात. बागेच्या कडेच्या शेकोटीवर हात शेकून पुढे निघालेला वारकरी आणि रात्रभर जागलेला बागायतदार यांची गाठ ही या वारीत नेहमीची.

काकडा झाला की चहा घेऊन दिंडी उजाडण्यापूर्वी रस्त्याला लागते. चालताना मंगलाचरण, रूपाचे अभंग, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे-पांगुळ, जोगी, गौळणी असा क्रम असतो. तिसऱ्या प्रहरी हरिपाठ. पहाटे टाळ इतका गार असतो, की पहिले काही अभंग टाळकरी दोरी उपरण्याच्या टोकात धरून वाजवतात. थंडीने मृदंगाची शाई व पुडीही उतरते. पखवाजी चालता चालता हातोडीने गट्टे ठोकून सूर चढवीत राहतो. दिवसाची चाल बहुधा २० ते २५ किमी असते. आळंदीच्या सोहळ्यात मुक्कामी होणाऱ्या समाज आरतीच्या (सर्वांच्या एकत्रित आरतीच्या) वेळी चोपदार सर्व दिंड्यांना शांत करून हरवले-सापडले सांगतो आणि जिची तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते. पौष वारीत असा सर्वांवरचा चोपदार नसल्याने हे काम प्रत्येक दिंडीचा विणेकरी किंवा दिंडीप्रमुख करतो. वाट, विसावा, कीर्तनकार, कोणी कोणाच्या मागे चालायचे, सारे दिंडीगणिक वेगळे. म्हणूनच एका दिंडीच्या दिनक्रमावरून संपूर्ण वारीचे वर्णन करताना जपून राहावे लागते.

पायांची निगा हा रोजचा विषय. टाचेला फोड आला की सुईदोरा त्यातून आरपार ओवतात आणि दोरा आत तसाच ठेवून टोके कापतात. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जाते, कातडी निघत नाही आणि दुसऱ्या दिवशी चालता येते. सुई आधी दिव्यावर धरली जाते, पण दोरा स्वच्छ असेलच असे नाही, म्हणून वाटेवरच्या आरोग्य पथकांचा आग्रह मलमपट्टीचा असतो. मधुमेही वारकऱ्यांनी तरी तो मानावा.

जेवण दोन प्रकारे होते. काही दिंड्यांत प्रत्येकाकडून ठरावीक रक्कम घेतात, तिला भिशी म्हणतात, आणि पुढे गेलेल्या टेम्पोतले आचारी स्वयंपाक करून ठेवतात. बऱ्याच ठिकाणी मात्र पंगती ठरलेल्या असतात. अमुक गावी दुपारची पंगत अमुक घराची, हे दोन-दोन तीन-तीन पिढ्या चालत आलेले असते, आणि भाऊ वेगळे झाले तर वाटणीत पंगतीचे वर्षही वाटून घेतले जाते. ताटात बाजरीची भाकरी, पिठले किंवा वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, गोड म्हणून बुंदी किंवा शिरा. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. ही भगर बहुधा याच मुलखातली असते. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या डोंगराळ भागात वरई पिकते आणि नाशिकच्या गिरण्यांत ती भरडली जाते. पंगतीत सगळे एका रांगेत बसतात, पण हे पूर्वापार तसेच होते असे समजू नये. पंढरीच्या वारीतील दिंड्यांत जेवणाच्या वेळी जातवार वेगळेपण पाळले जात असल्याचे इरावती कर्वे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात नोंदवले आहे.

रात्री मुक्कामाच्या गावी मंदिराच्या सभामंडपात कीर्तन होते. झोपणे शाळेच्या ओसरीवर, मंगल कार्यालयात किंवा कोणाच्या पडवीत. शेतकरी वारकऱ्यांचे मन या दिवसांत अर्धे घरी असते, कारण उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीतच चालते. त्यामुळे घरटी एकच माणूस वारीला निघतो. म्हातारी आई किंवा वडील पुढे होतात आणि तरुण मुलगा लावणी उरकून दशमीला मोटारसायकलवर त्र्यंबकेश्वरी येऊन मिळतो. दिंड्यांत साठीपुढचे चेहरे अधिक दिसतात त्याचे हे एक कारण आहे. नव्या पिढीची ओढ आटली, असा निष्कर्ष त्यावरून काढणे घाईचे होईल.

वाटेचे सर्वांत मोठे संकट आता वाहनांचे आहे. धुके आणि पहाटेचा अंधार यांत महामार्गाच्या कडेने चालणारी दिंडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही. शेवटच्या माणसाच्या हाती विजेरी आणि अंगात चमकणारे जाकीट असा नियम पुष्कळ दिंड्यांनी स्वतःहून केला आहे. तो सर्वांनीच करायला हवा.

दशमीपर्यंत बहुतेक दिंड्या त्र्यंबकेश्वरी पोहोचतात. राहण्याच्या जागा, म्हणजे धर्मशाळा, मठ, वाड्यांची अंगणे आणि गावाभोवतीची रिकामी शेते, दिंडीवार ठरलेल्या असतात. एकादशीला पहाटे कुशावर्त तीर्थावर स्नान, मग समाधीच्या दर्शनाची रांग. दुपारी चांदीच्या रथातून पादुकांची मिरवणूक निघते. ती कुशावर्त व त्र्यंबकराजाच्या मंदिराकडे जाऊन परत येते. वैष्णवांची यात्रा ज्योतिर्लिंगाच्या दारी जाते याचे बाहेरच्यांना नवल वाटते, पण निवृत्तिनाथांची परंपरा आदिनाथापासूनच, म्हणजे शंकरापासून, सुरू होते. काही जण गंगाद्वार चढतात, काही ब्रह्मगिरीची फेरी करतात. द्वादशीला पारणे व काल्याचे कीर्तन झाले की दिंडी मोडते आणि वारकरी एसटीने किंवा दिंडीच्याच टेम्पोने घरी जातात; परतीची वाट पायी चालण्याचा प्रघात नाही.

त्र्यंबकेश्वरी आणखी एक वारी चैत्र वद्य एकादशीला भरते, तिला उटीची वारी म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडावर समाधीला चंदनाची उटी लावतात; चंदन उगाळण्याचे काम स्त्रिया आधीपासून करीत असतात. तिच्यासाठी येणाऱ्या दिंड्या पौषापेक्षा थोड्या आणि बहुधा जवळपासच्या असतात. पुढे ज्येष्ठात निघणाऱ्या पालखीचे पहिले मुक्काम सातपूर, नाशिक, पळसे असे असून तिचे गोल रिंगण सिन्नर तालुक्यातील दातली येथे होते.